‘एवढं वाचून मिळतं काय?’

पत्र :

ताई, नमस्कार. मी नाशिकला एका बँकेत अधिकारी आहे. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची. नवरा सातपूरला कंपनीत, त्याच्या पाळ्या बदलत्या. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांची मदत खूप होते. कॉलेजात असताना मी पुस्तकांचा फडशा पाडायचे. आता ‘मृत्युंजय’ दिवाळीपासून उशाशी आहे आणि खूण साठाव्या पानाच्या पुढे सरकत नाही. परवा सासूबाईंच्या ट्रंकेत बाबूराव अर्नाळकरांची एक जुनी रहस्यकथा सापडली. ती एका बैठकीत संपवली आणि मग स्वतःचाच राग आला, की मिळाला तेवढा वेळ असल्या पुस्तकात घालवला. नवरा म्हणतो, वाचायचंच तर उपयोगाचं वाच, गुंतवणुकीचं, मुलांच्या संगोपनाचं. सासूबाई म्हणतात, “एवढं वाचून मिळतं काय?” मी मनाची समजूत घालते की आईला वाचताना पाहून मुलं वाचायला लागतील. पण मुलगा टॅब सोडत नाही. ऑफिसातली मैत्रीण वर्षाला पन्नास पुस्तकं वाचते आणि यादी ठेवते, ती यादी पाहिली की मला लाज वाटते. वेळेचं नियोजन कसं करू? आणि तुम्ही घर सांभाळून हल्ली काय वाचता, तेही सांगा.
– व., नाशिक

उत्तर :

प्रिय व.,

वेळेच्या नियोजनाचं मला विचारू नका. मार्चअखेरचे हिशेब, नवऱ्याची रात्रपाळी आणि बालवाडीचा डबा हे सगळं ज्या घरात एकत्र नांदतं, तिथल्या बाईला मी ‘पहाटे पाचचा गजर लावा’ म्हटलं, तर ती पान उलटून शब्दकोड्याकडे जाईल आणि योग्यच करेल. तुमच्याकडे आहे तेवढाच वेळ राहणार आहे. मुलगी पहिलीत गेली की थोडा वाढेल, मुलगा दहावीला आला की पुन्हा आटेल.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मला खटकलं. सासूबाईंचं नाही, नवऱ्याचंही नाही, तुमचं स्वतःचं. ‘आईला वाचताना पाहून मुलं वाचायला लागतील.’ हे हल्ली घरोघरी ऐकू येतं, शाळेच्या पालकसभेत तर हमखास. ऐकायला छान वाटतं, पण त्यानं काय होतं बघा. दिवसभरात तुम्ही जे जे करता ते कुणासाठी तरी करता. डबा मुलांसाठी, नोकरी घराच्या हप्त्यासाठी, चालायला जाणं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. पुस्तक तेवढं स्वतःचं होतं, तर तेही मुलांच्या खात्यावर जमा करून टाकलंत. मग मुलगा टॅब घेऊन बसला की तुमचं वाचनही नापास. मुलं वाचतील की नाही याची हमी कुणी देऊ शकत नाही. वाचणाऱ्या आईबापांची न वाचणारी मुलं मी ढिगानं पाहिली आहेत. त्यातला एक नमुना माझ्याच घरात आहे. चौदा वर्षांचा, क्रिकेटचे आकडे सोडून छापील काही वाचत नाही. मला वाचताना पाहून तो एकच गोष्ट शिकला आहे : आईनं आत्ता ‘हं’ म्हटलं म्हणजे तिनं ऐकलेलं नाही, तेव्हा सगळ्या परवानग्या याच वेळी मागून घ्याव्यात.

तेव्हा मुलांची सबब सोडून द्या. वाचायला मजा येते, एवढं कारण पुरतं. मुलगा ‘काय करतेस?’ म्हणाला तर ‘वाचतेय, एवढं पान होऊ दे’ म्हणा आणि खरोखरच ते पान होऊ द्या. पाच मिनिटं कंटाळल्यानं मुलांचं काही बिघडत नाही.

आता अर्नाळकर. साठ पानांवर अडकलेली बाई एक अख्खं पुस्तक एका बैठकीत संपवते, आणि ही आनंदाची बातमी तुम्ही गुन्हा कबूल करावा तशी सांगताय! अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड ही नावं एके काळी वाचनालयांतून हातोहात फिरायची. त्यांच्या पुस्तकात काय आहे आणि काय नाही हे समीक्षकांनी कधीच सांगून झालंय. मला त्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते : पान उलटल्याशिवाय राहवत नाही. बरीच वर्षं वाचन सुटलं की आपली आवड मरत नाही, बैठक मोडते. दहा पानांनंतर मन फोनकडे जातं, मग गॅसवरच्या दुधाकडे. ती बैठक परत बसवायला रहस्यकथेसारखं औषध नाही. अजून एक-दोन वाचा. नारायण धारपांच्या भयकथाही चालतील, फक्त नवऱ्याची रात्रपाळी नसेल तेव्हा.

‘मृत्युंजय’ कपाटात ठेवून द्या. मी ते वाचलं ते अकरावीच्या सुट्टीत, आजोळी, माळ्यावर. जेवायला हाका मारून मारून घरातले थकले होते. कर्ण, वृषाली, शोण, दुर्योधन, कुंती, श्रीकृष्ण एकेक करून बोलायला लागतात, आणि प्रत्येकाची ऐट वेगळी. 1967 पासून ते पुस्तक लोक वाचताहेत ते उगाच नाही. पण त्याला तसलीच सुट्टी लागते. रोज झोपेच्या आधी दीड पान वाचून हस्तिनापूर उभं राहत नाही, राहतात फक्त विशेषणं. कर्ण थांबेल. त्याला सवय आहे.

तुमचा वेळ तुकड्यातुकड्यांचा आहे, तर पुस्तकही तशा घडणीचं घ्या. मोठी कादंबरी मधे चार दिवस सुटली की कोण कुणाचा मेहुणा हे शोधायला मागं जावं लागतं. मराठीत व्यक्तिचित्रं, कथा, आठवणी, पत्रं यांचं भांडार आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ (1949) घ्या. धर्मा रामोशी, झेल्या, एकेक माणूस थोडक्या पानांत. बँकेतल्या जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन उरलेल्या वेळात एक माणूस भेटून जातो. आणि असा भेटतो, की नंतर काउंटरवर कुणी म्हातारा पासबुक भरायला आला तर तुम्ही त्याच्याकडे क्षणभर जास्त बघाल.

मी काय वाचते, ते विचारलंत. सध्या प्रकाश नारायण संतांच्या लंपनकडे परत गेले आहे. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ ही चार पुस्तकं. ‘वनवास’ 1994 साली आलं. संत हे कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव, कराडला भूगर्भशास्त्र शिकवायचे. लिहिलं थोडं, पण असं की ज्यानं वाचलं तो दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहत नाही. बेळगावच्या बाजूचं, मराठीत कानडी मिसळलेलं गाव. आईबाबा आणि भावंडं दुसऱ्या गावी, आणि हा दहा-बारा वर्षांचा मुलगा आजी-आजोबांकडे. त्याला ऊठसूट सगळं ‘मॅडसारखं’ वाटत असतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. तेव्हा मी लंपनच्या शेजारी बसून वाचलं होतं. सुमी दिसली की त्याच्या पोटात काय होतं, शाळेत कोण काय म्हणालं, खेळात कोण जिंकलं, सगळं त्याच्या बाजूनं. आता वाचताना माझी नजर सारखी आजीकडे जाते. आजी रागावते, कामं सांगते, खायला घालते. मायेचे शब्द तिच्या तोंडी फारसे येत नाहीत. नातवाच्या मनातलं तिला किती कळतं हे त्या पोराला कळत नाही, पण वाचणाऱ्या आईला ओळीओळीत दिसतं. आणि मग त्याची आई. ती पुस्तकभर लांबच असते. आपलं पोर दुसऱ्या गावी ठेवून ती संध्याकाळी, दिवेलागणीला, काय करत असेल? हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नव्हता. आता तो पडला आणि पुस्तक मिटून मी काही वेळ नुसती बसून राहिले. आमचे चिरंजीव खेळून आले, बूट घालूनच आत शिरले, आणि मी त्यांना काहीही बोलले नाही. याचा त्यांनी अजून गैरफायदा घेतलेला नाही.

माझ्याकडची प्रत वाचनालयाची आहे. आधीच्या कुणीतरी ‘सुमी’ या शब्दाखाली जिथं जिथं तो येतो तिथं पेन्सिलीनं रेघ मारली आहे. पुस्तकभर. वाचनालयाच्या पुस्तकावर खुणा करू नयेत या मताची मी आहे, पण या माणसाला माफ केलं. त्याचं नाव मला माहीत नाही, बाकी पुष्कळ कळलंय.

दुसरं पुस्तक खास तुमच्यासाठी सांगते, कारण तुम्ही नाशिकच्या. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 सालचा, जलालपूरचा, म्हणजे तुमच्या उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. शाळेत पाठ असलेला आठवत असेल आणि तेवढ्यावर आपण ते ‘वाचलेलं’ पुस्तक समजून बसतो. पुन्हा उघडा. सुरुवातीलाच वडिलांचं सोवळं आहे. बाहेरून घरात येईल ते धुऊन घ्यायचं असा त्यांचा खाक्या, आणि त्या खाक्याखाली सगळं घर भिजून निघालेलं. लेक ते सांगते आहे हसत, पण त्या घरातल्या बायकांचे हात किती गारठले असतील ते वाचताना जाणवत राहतं. मग लहान वयात लग्न. नवरा कवी, विद्वान, भोळा, तापट, न सांगता गाव सोडून जाणारा, हातात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा. 1895 साली तो ख्रिस्ती होतो. नवरा-बायकोची ताटातूट होते, बाई मुलाला घेऊन कुठं कुठं राहते, आणि पुढे 1900 साली स्वतःही बाप्तिस्मा घेते.

रडायला पुरेल एवढी सामग्री आहे आणि ही बाई तुम्हाला हसवते. कुणावर सूड नाही, स्वतःची दया नाही. नवऱ्याच्या विक्षिप्तपणाची एवढी लांबलचक, एवढी तपशीलवार आणि एवढ्या प्रेमाची तक्रार मी दुसरीकडे वाचलेली नाही. घरात सदैव चार माणसं जास्तीची. बालकवी ठोंबरेसुद्धा त्यांच्याकडे येऊन राहिले होते. कॉलेजात मी हे वाचलं तेव्हा धर्मांतराचा भाग मोठा वाटला होता. आता वाचताना रात्री अवेळी आलेल्या पाहुण्यांसाठी पुन्हा चूल पेटवणारी लक्ष्मीबाई मोठी वाटते. त्यांची भाषा म्हणजे समोर बसून सांगितल्यासारखी, पल्लेदार वाक्यांचा सोस नाही. छोटे छोटे प्रसंग आहेत, तेव्हा तुमच्या तुकड्यांच्या वेळेत चपखल बसेल.

बाकीचं भराभर सांगते. विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’, 1939 साली आलेलं, शंभर-सव्वाशे पानांचं. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू, त्यांच्यातली हॅर्टा आणि परतणारा चक्रधर. शनिवारी रात्री सुरू करा आणि रविवारी सकाळी कुणाशी धड बोलाल अशी अपेक्षा ठेवू नका. मुलं तापानं फणफणलेली असताना मात्र ते हातात घेऊ नका. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ मी महिन्याला एक लेख असं वाचते, मराठी महिना लागला की त्याचा लेख. चैत्रात चैत्र, वैशाखात वैशाख. मधेमधे संस्कृत काव्यातले दाखले दाट होतात, तिथं मी सरळ उडी मारते. दुर्गाबाईंना ते चाललं नसतं. पण त्या लेखांमुळे आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळचं झाड पांगाऱ्याचं आहे हे मला कळलं, नाहीतर इतकी वर्षं ते माझ्या लेखी ‘स्कूटर लावायचं झाड’ होतं. आणि पोळ्या करताना पु. ल. देशपांड्यांच्या आवाजातली ‘व्यक्ति आणि वल्ली’ ऐकते. ऐकणं हे वाचणं धरायचं की नाही यावर वाद घालणाऱ्यांना एकदा पोळ्या करायला उभं करावं.

नवऱ्याच्या सूचनेबद्दल. दिवसभर लोकांच्या ठेवी आणि कर्जं बघणाऱ्या बाईनं रात्री उशीला टेकून गुंतवणुकीचं पुस्तक वाचावं, हा विचार चांगलाच आहे. तुम्ही त्यांना सांगा, तुम्हीही पाळी संपवून आलात की मशीनचं मॅन्युअल वाचत चला. संगोपनाच्या पुस्तकांचं म्हणाल तर मी ती वाचली आहेत. त्यांनी झोप येत नाही, छाती धडधडते. प्रत्येक प्रकरणात आपलं काहीतरी करायचं राहिलेलं असतं आणि मूल तर आठव्या वर्षाचं धोक्याचं वळण केव्हाच ओलांडून गेलेलं असतं. लंपन वाचून मला माझ्या मुलाबद्दल जे सुचलं ते त्यातल्या एकाही प्रकरणानं सुचवलं नाही. पण हे कारण नवऱ्याला देऊ नका. मग लंपनही ‘उपयोगाचा’ होईल आणि आपण फिरून तिथंच येऊ.

मैत्रिणीच्या यादीचं फार मनावर घेऊ नका. पन्नास पुस्तकं वाचून तिला आनंद मिळत असेल तर उत्तम आहे. तिला एवढंच विचारा की यातलं परत कुठलं वाचशील. ती जे नाव घेईल ते मागून आणा, बाकीच्या एकोणपन्नासांची चिंता तिची तिला.

सासूबाईंबद्दल मला जरा वेगळं वाटतं. जिच्या ट्रंकेत अर्नाळकर जपून ठेवलेले आहेत, ती बाई ‘एवढं वाचून मिळतं काय’ असं विचारते तेव्हा तिला उत्तर माहीत नसतं असं नाही. कदाचित हाच प्रश्न तिला कुणीतरी विचारला असेल, आणि मग पुस्तकं ट्रंकेत गेली असतील. हा माझा तर्क आहे, चुकीचाही असेल. ती रहस्यकथा परत ठेवायच्या निमित्तानं विचारून बघा : ही कुठं घेतली होती, अजून काय वाचायचात, ‘माहेर’, ‘मेनका’ यायचे का घरी, दिवाळी अंक कुणाकडून आणायचात. त्या पिढीतल्या बायका भांडणं मिटवून दिवाळी अंकांची अदलाबदल करायच्या, माझ्या आईच्या वाड्यात तरी. डोळे साथ देत नसतील तर एखादं व्यक्तिचित्र रात्री जेवणं झाल्यावर मोठ्यानं वाचून दाखवा. त्यांना आवडेल की नाही सांगता येत नाही. उठून जपमाळ घेऊन बसल्या तर मनाला लावून घेऊ नका, पुढचं मनातल्या मनात वाचा.

मुलीला रात्री गोष्ट लागत असेल तर माधुरी पुरंदऱ्यांची पुस्तकं आणा, ‘यश’ची किंवा ‘राधाचं घर’. हे तिच्या संस्कारांसाठी सांगत नाही. रोज रात्री तेच पुस्तक वाचायला लावतात ही मुलं, आणि वाचणाऱ्यालाही बघायला काही हवं. त्या चित्रांमधली घरं आपल्यासारखी असतात, पसारा असलेली, मोठी माणसंही थकलेली वगैरे. माझं पोर गोष्टीत रमलेलं असायचं तेव्हा मी चित्रातल्या कोपऱ्यांमध्ये हिंडायचे.

पुस्तकं विकत घेत बसू नका. विकत घेतलेलं पुस्तक उशाशी दिवाळीपासून पडून राहू शकतं, हे तुम्हाला माहीत आहे. वाचनालयाच्या पुस्तकाला परतीची तारीख असते आणि बँकेतल्या बाईला मुदतीचं महत्त्व मी काय सांगावं. तुमच्या गावात तर ‘सावाना’ आहे, 1840 पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय. शिवाय कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रमही नाशिकचाच, पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांना फिरत्या द्यायच्या. तुमच्या शाखेतले किंवा सोसायटीतले चार जण जमले तर चौकशी करून बघा. पुस्तकं बदलून आणायचं काम नवऱ्याकडे द्या. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्यांची सकाळ मोकळी असते ना?

‘स्मृतिचित्रे’ मागताना संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका, पूर्ण मागा. जाडी बघून दचकायचं कारण नाही, ते मधून कुठूनही उघडता येतं. मुदतीत संपलं नाही तर दंड भरा आणि तेच पुस्तक पुन्हा नावावर करून घ्या.

तुमची,
ताई